काष्ठशिल्पी टॉमस चिपेंडेल

थोर पुरुषांची चरित्रे म्हटली, की राजे, सेनापती, संत आणि देशभक्त यांचीच आठवण आपणांस प्रथम होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या हाती जन्मभर रंधा, करवत आणि पटाशी यांखेरीज दुसरे शस्त्र नव्हते, ज्याने राज्य जिंकले नाही की पंथ स्थापिला नाही, अशा एका सुताराचे नाव त्याच्या मृत्यूला अडीचशे वर्षे होत आली तरी देशोदेशी आदराने घेतले जाते, ही गोष्ट आपल्या ज्ञातिबांधवांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या पुरुषाचे नाव टॉमस चिपेंडेल. लाकूडकाम हा ज्या ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय, तिच्या वार्षिक स्मरणिकेत त्याला चार पाने मिळावीत, यात अनुचित असे काही नाही. विश्वकर्म्याची लेकरे सर्व देशांत आहेत.

हे चरित्र निवडण्यास आणखीही एक कारण आहे. दाराच्या चौकटीवर, कपाटाच्या माथ्यावर आणि भिंतीवरील तसबिरीच्या भोवती जे कंगोरे काढलेले असतात, ज्यांना आज आपण सर्वजण मोल्डिंग म्हणतो, ते आपल्या घराघरांतून रोज दृष्टीस पडतात. आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी ते स्वहस्ते काढले. तथापि ते तसेच का काढावयाचे, कोणते वळण वर आणि कोणते खाली, याचे शास्त्र काय, हे फार थोड्यांनी लिहून ठेवले. आमच्या चरित्रनायकाने आपल्या ग्रंथाचा आरंभच या शास्त्रापासून केला. त्याच्या कीर्तीचे मर्म तेथेच आहे, असे आमचे मत आहे, आणि ते वाचकांस पटवून देण्याचा आम्ही यथामती प्रयत्न करणार आहोत.

जन्म व बालपण

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायर नावाचा परगणा आहे. त्या परगण्यात व्हार्फ नदीच्या काठी ओटली हे बाजाराचे लहानसे गाव. तेथे जॉन चिपेंडेल नावाचा सुतार राहत असे. त्याच्या पोटी आमच्या चरित्रनायकाचा जन्म झाला. ओटलीच्या चर्चमध्ये ५ जून १७१८ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. घराण्यात लाकडाचा धंदा पूर्वापार चालत आलेला होता. मुलाला बोलता येऊ लागण्यापूर्वीच रंध्याच्या आवाजाची ओळख झाली असेल, हे आपल्यासारख्यांच्या घरी निराळे सांगावयास नको. गावातील शाळेत त्याला अक्षरओळख आणि हिशेब यांचे शिक्षण मिळाले, आणि पित्याच्या कामाच्या जागी हात तयार झाला.

त्याच्या बालपणीच इंग्लंडातील सुतारकामात एक मोठा पालट घडून येत होता. तोपर्यंत तेथील उत्तम सामान अक्रोडाच्या लाकडाचे होत असे. १७२१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने अमेरिकेतील आपल्या वसाहतींतून येणाऱ्या इमारती लाकडावरील जकात माफ केली. त्यामुळे जमेका बेटातून महोगनीचे लाकूड गलबते भरभरून येऊ लागले. महोगनी घट्ट, सरळ पोताची, कीड न लागणारी. तिच्या फळ्या रुंद निघतात, आणि मुख्य म्हणजे पटाशीखाली ती चुरत नाही. बारीक कंगोरा काढला, तर त्याची धार शंभर वर्षे तशीच राहते. हे लाकूड नसते, तर चिपेंडेलच्या हाताची नजाकत टिकती ना. मात्र याच ठिकाणी हेही सांगितले पाहिजे, की जमेकातील ती झाडे तोडणारे हात आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे होते. ज्या सुंदर खुर्च्यांची आपण स्तुती करतो, त्यांच्या मुळाशी हे दुःखही आहे, आणि चरित्रकाराने ते झाकून ठेवणे बरे नव्हे.

लंडनमधील उदय

तरुण टॉमस नशीब काढण्यासाठी लंडनला आला. १९ मे १७४८ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याचा कॅथरीन रेडशॉ हिच्याशी विवाह झाला. या दांपत्यास पुढे नऊ अपत्ये झाली. पहिली काही वर्षे त्याने लाँग एकरजवळच्या आणि स्ट्रँडजवळच्या लहान जागांत संसार आणि धंदा दोन्ही चालविले. १७५४ साली मात्र त्याने धाडसाचे पाऊल टाकले. जेम्स रॅनी नावाच्या स्कॉटिश भागीदाराचे भांडवल घेऊन त्याने सेंट मार्टिन्स लेन या रस्त्यावर तीन घरे घेतली आणि तेथे दुकान व कारखाना उघडला. दुकानावर खुर्चीचे चित्र असलेली पाटी लावली.

ही जागा त्याने विचारपूर्वक निवडली होती. याच रस्त्यावर होगार्थ नावाच्या प्रसिद्ध चित्रकाराने १७३५ मध्ये स्थापिलेली चित्रशाळा होती. चित्रकार, मूर्तिकार, नक्षीकाम कोरणारे आणि तांब्याच्या पत्र्यावर चित्रे खोदणारे असे नाना कलावंत त्या परिसरात वावरत. फ्रान्समधून आलेली शिंपल्यांची, पानाफुलांची आणि नागमोडी वळणांची नवी नक्षी इंग्लंडात रुजली ती याच वस्तीत. खेड्यातून आलेल्या सुताराला केवळ लाकूड तासता येऊन भागणार नव्हते; त्याला रेखाटन यावयास हवे होते. चिपेंडेल ते शिकला. आमच्या मते त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोलाची कमाई हीच होय.

कंगोऱ्यांचे शास्त्र

त्याच्या ग्रंथाकडे वळण्यापूर्वी कंगोरा म्हणजे काय, याचा थोडा विचार केला पाहिजे. आपल्याकडील एखाद्या जुन्या देवळाच्या जोत्याकडे निरखून पाहावे. दगडाचे थर सरळ भिंतीसारखे एकावर एक चढलेले नसतात. कोठे थर पुढे येतो, कोठे आत जातो, कोठे घड्याच्या पोटासारखा फुगतो. आपल्या शिल्पशास्त्राने या थरांना खुर, कुंभ, कलश, कपोत अशी नावे दिली आहेत. युरोपात ग्रीक व रोमन लोकांनी हाच विचार आपल्या खांबांच्या आणि तुळयांच्या बाबतीत केला. त्यांच्याकडील सर्व कंगोरे अवघ्या सात-आठ मूळ आकारांतून निघतात. चापट पट्टी, अर्धगोल गोट, बाहेर फुगलेला पाव गोल, आत गेलेली पाव पन्हळ, दोन गोटांमधील खोल पन्हळ, आणि एकाच रेषेत फुगवटा व खोलगटपणा दोन्ही असलेली दुहेरी बाकाची दोन वळणे, एवढाच तो संसार. संगीतात सात स्वरांतून जसे सर्व राग निघतात, तसेच हे आहे.

या आकारांची मांडणी मनास येईल तशी करावयाची नसते. जेथे वरचा भार घ्यावयाचा असेल, तेथे फुगलेला आकार हवा, कारण तो दिसण्यात बळकट आणि असण्यातही बळकट. अगदी माथ्यावर, जेथे पुढे डोक्यावर काहीच ठेवावयाचे नाही, तेथे बाहेर झुकणारे नाजूक दुहेरी वळण शोभते. इमारतीवर ते पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकते. कपाटावर पाणी पडत नाही, तरी डोळ्याला तेथेच शेवट झाला असे वाटते. फुगवट्यावर उजेड पडतो, पन्हळीत सावली साठते, आणि दोहोंच्या मधली चापट पट्टी त्यांची हद्द आखून देते. कंगोरा म्हणजे लाकडावर सावलीने ओढलेली रेघ, असे म्हटले तरी चालेल. शिवाय फळी आणि फळी यांचा सांधा त्याच्याखाली झाकला जातो आणि उघडी धार ठोकरा खाण्यापासून वाचते. शोभा आणि उपयोग यांची येथे अशी गाठ पडलेली आहे.

तसबिरीची चौकट हीदेखील या शास्त्राचीच लेक. देवळाच्या किंवा महालाच्या माथ्यावरील आडवा कंगोरा उचलून चित्राच्या चारी बाजूंनी फिरविला, की चौकट होते. आतील बाजूस काच व चित्र बसण्यासाठी खाच, आणि कोपऱ्यात पंचेचाळीस अंशांचा छेद. चारही पट्ट्यांचा कंगोरा तंतोतंत एक नसेल, तर कोपऱ्यावर रेघा जुळत नाहीत आणि कारागिराची चोरी तत्काळ उघडी पडते. ज्यांनी हे काम केले आहे, त्यांना यातील कठीणपणा सांगण्याची गरज नाही.

ग्रंथरचना

खांब आणि कंगोरे यांची मापे काढण्याचे नियम इंग्लंडातील वास्तुशास्त्रज्ञांनी पुस्तकांतून दिलेले होते. जेम्स गिब्ज याने १७३२ साली त्यांतील किचकट अपूर्णांक टाळून, उंचीचे सारखे भाग पाडून सर्व मापे काढण्याची सुलभ रीत प्रसिद्ध केली होती. परंतु ती पुस्तके घरे बांधणाऱ्यांसाठी होती. खुर्ची, मेज, पलंग, पुस्तकांचे कपाट आणि आरशाची चौकट यांना तेच शास्त्र लागू करून दाखविणारा मोठा ग्रंथ कोणा सुताराने लिहिला नव्हता. ते काम चिपेंडेलने अंगावर घेतले.

१७५४ साली त्याचा ‘द जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नावावरूनच त्याचा हेतू कळतो. सामान विकत घेणारा सद्गृहस्थ आणि ते करणारा सुतार, या दोघांनाही वाट दाखविणारा हा ग्रंथ होता. मोठ्या आकाराच्या १६० चित्रपत्रांचा हा ग्रंथ. त्यांतील बरीचशी चित्रे मॅथायस डार्ली याने तांब्याच्या पत्र्यावर खोदली. छपाईचा खर्च निघावा म्हणून आगाऊ वर्गणीदार गोळा केले होते. त्यांची संख्या तीनशेहून अधिक भरली, आणि त्या यादीत मोठमोठ्या उमरावांच्या बरोबरीने सुतार, कोरीव काम करणारे आणि गाद्या-पडदे करणारे यांचीही नावे छापलेली आहेत. एकाच पानावर ड्यूक आणि सुतार! त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

या ग्रंथाची पहिली पाने उघडली, की खुर्ची दिसत नाही. दिसतात ते रोमन पद्धतीचे पाच प्रकारचे खांब, त्यांचे पायथे, माथे आणि कंगोरे, प्रत्येकाच्या मापांसह. सुताराच्या कलेचा पाया वास्तुशास्त्रात आहे, आणि खांबांचे हे ज्ञान व यथार्थदर्शनाचे नियम ज्याला येत नाहीत, त्याचे रेखाटन दुसऱ्याला समजणार नाही, अशा आशयाचे प्रतिपादन त्याने प्रस्तावनेत केले आहे. पुढे कपाटांच्या आणि पेट्यांच्या चित्रांशेजारी त्याने ठिकठिकाणी त्या त्या कंगोऱ्याचा छेद मोठ्या आकारात, मापपट्टीसह काढून दिला आहे. याचा उपयोग आपल्यासारख्यांच्या चटकन ध्यानी येईल. दूरच्या गावातील कोणीही सुतार तो छेद पाहून आपल्या रंध्याचे पाते तसे घासून घेऊ शकत असे, आणि ज्याला त्याने कधी पाहिले नाही, त्या गुरूचा कंगोरा आपल्या हाताने काढू शकत असे.

ग्रंथात सारेच काही नियमाचे आहे असे नाही. आरशांच्या व तसबिरींच्या चौकटींत त्याने कल्पनेला मोकळे सोडले आहे. तेथे कंगोऱ्याची रेघ वळतावळता वेल होते, वेलीचा शिंपला होतो, शिंपल्यातून पाणी ठिबकते, आणि टोकावर एखादा लांब चोचीचा पक्षी येऊन बसतो. अशी नक्षी मऊ लाकडात कोरून तिच्यावर खडू आणि सरस यांचे लेप देत, ते पुन्हा पटाशीने रेखीव करीत आणि त्यावर सोन्याचा वर्ख चढवीत. चिनी पद्धतीच्या जाळ्या आणि मध्ययुगीन चर्चांतील टोकदार कमानी यांचाही त्याने सढळ उपयोग केला. अशी कामे कागदावरच राहतील, लाकडात उतरणार नाहीत, अशी कुजबूज काहींनी केली. प्रस्तावनेत त्याने तिला उत्तर दिले आहे. ग्रंथातील प्रत्येक नमुना आपल्या हातून सिद्ध होऊ शकतो, असे तो निर्भयपणे सांगतो. हातात पटाशी असलेल्या माणसालाच असे उत्तर देता येते.

ग्रंथ पुढच्याच वर्षी पुन्हा छापावा लागला. १७५९ पासून इन्स आणि मेह्यू या प्रतिस्पर्ध्यांनी तशाच धर्तीचा ग्रंथ भागशः काढण्यास प्रारंभ केला, तेव्हा चिपेंडेलनेही नवी चित्रे तयार केली आणि १७६२ मध्ये दोनशे चित्रपत्रांची तिसरी आवृत्ती काढली. तिचे फ्रेंच रूपही निघाले. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सुतारांनी या ग्रंथावरून इतके सामान केले, की त्या देशात एका संपूर्ण काळाच्या लाकूडकामालाच चिपेंडेल हे नाव पडले. तोपर्यंत इंग्लंडात सामानाच्या पद्धतींना राजाराण्यांची नावे देण्याचा प्रघात होता. राजाच्या जागी सुताराचे नाव बसले, ते या ग्रंथामुळे.

अग्निप्रलय

ग्रंथाची कीर्ती पसरत असतानाच घोर संकट ओढवले. एप्रिल १७५५ मध्ये कारखान्याला आग लागली. लाकूड, भुसा, सरस आणि रोगण यांनी भरलेल्या जागेत आग म्हणजे काय, हे आपण जाणतो. त्या आगीत बावीस कारागिरांच्या हत्यारांच्या पेट्या जळून गेल्या. घर जळाले तर पुन्हा बांधता येते, परंतु ज्या कारागिराची हत्यारे गेली त्याचे हातच गेले. वर्षानुवर्षे घासून मनासारखी केलेली रंध्यांची पाती बाजारात विकत मिळत नाहीत. तरीही चिपेंडेल आणि रॅनी यांनी धीर सोडला नाही. कारखाना पुन्हा उभा केला आणि कामे पूर्ववत सुरू झाली.

मोठी घरे, मोठी कामे

यानंतरची वीस वर्षे हा त्याच्या कर्तृत्वाचा मध्यान्हकाळ होय. १७५९ मध्ये त्याने स्कॉटलंडमधील डमफ्रीज हाउस या वाड्यासाठी सामान पुरविले. यॉर्कशायरमधील नॉस्टेल येथील सर रोलंड विन याचे काम १७६६ पासून, तर हेअरवुड हाउसचे काम १७६७ पासून सुरू झाले. नॉस्टेलच्या पुस्तकालयासाठी त्याने केलेले महोगनीचे भव्य मेज ७२ पौंड १० शिलिंगांचे होते. आणि त्याच घराच्या स्वयंपाकघरासाठी मांस तोडण्याचा एक लाकडी ठोकळाही त्याने दिला होता, त्याची किंमत १० शिलिंग. एकाच हिशेबात राजेशाही मेज आणि खाटकाचा ठोकळा! कोणतेही काम त्याने हलके मानले नाही, हे यावरून दिसते.

या काळात इंग्लंडची अभिरुची पालटली होती. रॉबर्ट अॅडम या वास्तुशास्त्रज्ञाने रोमन अवशेषांवरून नाजूक, सपाट आणि मोजक्या नक्षीची नवी पद्धत आणली. शिंपले आणि वेली मागे पडल्या. बारीक मण्यांच्या ओळी, पन्हळी आणि माळा पुढे आल्या. १७६५ साली चिपेंडेलने सर लॉरेन्स डंडास याच्यासाठी अॅडमच्या रेखाटनावरून खुर्च्या केल्या. पन्नाशीला आलेल्या कारागिराने आपली गाजलेली पद्धत बाजूस ठेवून नवी आत्मसात करणे सोपे नसते. पण ज्याने मूळ कंगोऱ्यांचे व्याकरणच पक्के केले होते, त्याला नवी वाक्ये रचणे जड गेले नाही. हेअरवुडसाठी त्याने केलेले डायना आणि मिनर्व्हा या देवतांच्या आकृती जडविलेले कपाट १७७३ मध्ये ८६ पौंडांना दिले गेले. आज ते इंग्लिश लाकूडकामातील एक उत्कृष्ट नमुना मानले जाते. त्याच घरात लाकडात कोरून रंगविलेल्या पडद्यांच्या झालरी आहेत, त्या पाहणाऱ्याला कापडाच्याच वाटतात. हेअरवुडच्या लॅसेल्स घराण्याची संपत्ती वेस्ट इंडीजमधील साखरेच्या आणि गुलामांच्या व्यापारातून आलेली होती, हेही येथे नमूद करतो.

आपल्या देशाचाही या कथेत एक लहानसा धागा आहे. डेव्हिड गॅरिक हा लंडनचा त्या काळचा सर्वश्रेष्ठ नट. कलकत्त्याच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या नाटकशाळेला त्याने साहाय्य केले होते, त्याची भेट म्हणून त्यांनी मच्छलीपट्टमचे हाताने रंगविलेले सुती चीट पाठविले. गॅरिकच्या पत्नीने पलंगाचे पडदे करण्यासाठी ते चिपेंडेलकडे दिले. पण आपल्याकडील चिटांनी इंग्लंडच्या विणकरांचा धंदा बसतो म्हणून त्यांच्या वापराला कायद्याने बंदी होती, आणि १७७५ मध्ये जकातीच्या अधिकाऱ्यांनी ते कापड चिपेंडेलच्या जागेतूनच जप्त केले. आंध्रच्या रंगाऱ्याचे कसब लंडनच्या राज्यकर्त्यांना इतके जड झाले होते! तो पलंग आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

जकातीशी त्याचा संबंध याआधीही आला होता, आणि तेव्हा दोष त्याच्याकडे होता. फ्रान्समधून आणलेले साठ खुर्च्यांचे सांगाडे त्याने कमी किमतीचे दाखविले, आणि १७६९ मध्ये ते पकडले गेले. थोर पुरुषाच्या चरित्रातील डाग पुसून टाकावा, असे आम्हांस वाटत नाही.

देणी आणि अखेर

एवढी कामे, एवढी कीर्ती, तर हा पुरुष संपन्न झाला असेल असा वाचकांचा समज होईल. तसे झाले नाही. १७६६ च्या आरंभी भागीदार रॅनी मरण पावला आणि त्याचे भांडवल परत करण्यासाठी दुकानातील मालाचा लिलाव करावा लागला. पुढे रॅनीकडे हिशेब पाहणारा टॉमस हेग हा १७७१ पासून भागीदार झाला. पण दुखणे खोल होते. उमराव मंडळी माल मागवीत, उशीर झाला तर रागावत, आणि पैसे मात्र वर्षानुवर्षे थकवीत. सर रोलंड विन याला चिपेंडेलने लिहिलेल्या पत्रांतून पैशांसाठीची काकुळत आजही वाचता येते. त्याला महोगनीच्या व्यापाऱ्याचे, सोन्याचा वर्ख देणाऱ्याचे आणि कारागिरांच्या मजुरीचे पैसे वेळच्या वेळी चुकवावे लागत. सर एडवर्ड नॅचबुल या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने तर आपल्याला खंड वर्षातून एकदा मिळतो, म्हणून आपणही कारागिरांचे पैसे वर्षातून एकदाच देतो, असे कळविले. ज्याच्या घरात चूल रोज पेटवावी लागते, त्याला या उत्तराचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

१७७२ मध्ये पत्नी कॅथरीन वारली. १७७६ च्या सुमारास त्याने धंद्यातून अंग काढून घेतले आणि कारभार थोरला मुलगा टॉमस याच्याकडे सोपविला. पुढील वर्षी त्याने एलिझाबेथ डेव्हिस हिच्याशी दुसरा विवाह केला; तिच्यापासूनही त्याला मुले झाली. क्षयरोगाने त्याची प्रकृती खंगत गेली आणि नोव्हेंबर १७७९ मध्ये एकसष्टाव्या वर्षी त्याने जगाचा निरोप घेतला. सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चच्या आवारात त्याला मूठमाती देण्यात आली. मागे राहिलेली मिळकत अगदी अल्प होती. मुलगाही उत्तम कारागीर निघाला, परंतु १८०४ मध्ये त्याचे दिवाळे वाजले.

कागदाचे सामर्थ्य

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. चिपेंडेलने आपल्या सामानावर कधी शिक्का मारला नाही की नावाची चिठ्ठी लावली नाही. मग अमुक मेज त्याच्याच कारखान्याचे, हे आज कशावरून ओळखतात? त्या त्या घरांच्या दप्तरांत राहिलेली बिले, पत्रे आणि जमाखर्चाच्या वह्या यांवरून. ज्या सामानाचा कागद सापडतो, ते निःसंशय त्याचे. इतर हजारो वस्तूंना लोक त्याचे नाव देतात, पण त्या त्याच्या ग्रंथावरून दुसऱ्यांनी केलेल्या असतात. म्हणजे त्याच्या हाताचे काम जगाने ओळखले ते कागदावरून, आणि त्याची पद्धत जगभर गेली तीही कागदावरून.

त्याच सुमारास आपल्याकडे पेशवाई भरात होती. वाड्यांचे सुरूदार खांब, त्यांवरील कमळे, हस्त, महिरपी आणि गणेशपट्ट्या आपल्या पूर्वजांनी सागवानात घडविल्या. पुण्याचा विश्रामबागवाडा काहीसा पुढचा, १८०७ च्या सुमाराचा. त्याच्या दर्शनी भागापुढे उभे राहिल्यावर कोणाही जाणकाराला त्या हातांपुढे मस्तक नमवावेसे वाटते. कौशल्यात ते हात चिपेंडेलच्या हातांपेक्षा उणे नव्हते, असे आम्ही निश्चयाने म्हणतो. पण तेथे येणाऱ्या पाहुण्याला त्या खांबाचा कर्ता कोण हे विचारले, तर नाव सांगता येत नाही. मापे मुखोद्गत होती, नमुने बापाकडून मुलाकडे हातोहात जात होते. मुलाने दुसरा धंदा धरला, त्या दिवशी ती विद्या त्या घरापुरती संपली.

आम्ही आयुष्याची बरीच वर्षे शिक्षकी पेशात घालविली. कारागिरांच्या घरची मुले गुण्या न लावता काटकोन ओळखतात, पण पाटीवर तोच काटकोन काढावयास सांगितला की बिचकतात, हे आम्ही वारंवार पाहिले. चित्रकलेचा तास म्हणजे खेळाचा तास, अशी समजूत शाळांत आणि घरांतही आहे. आज बाजारात यंत्रावर काढलेल्या तयार पट्ट्या फुटाच्या भावाने मिळतात, आणि त्या कोठे लावाव्यात व कोठे नाही, हे जाणणारा मात्र दुर्मिळ होत चालला आहे. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. यंत्राच्या पात्यालाही आकार कोणीतरी माणूसच देतो, आणि तो माणूस आपल्यापैकी का असू नये?

म्हणून ज्ञातीतील तरुणांस आमचे सांगणे आहे, की घरात एखादे वृद्ध कारागीर हयात असतील, तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. त्यांच्या पेटीतील प्रत्येक रंध्याच्या पात्याचा ठसा कागदावर घ्यावा, त्याखाली त्याचे घरातील नाव, माप आणि तो कोठे वापरीत ते लिहावे. काका-आजोबांनी कोणाच्या घरची दारे, देव्हारे आणि झोपाळे केले, त्यांची नावे व साले टिपून ठेवावीत. आणि जे स्वतः धंदा करीत आहेत, त्यांनी ठरावाचा आणि येणे बाकीचा कागद करण्यास संकोच करू नये. एवढा थोर कारागीर गिऱ्हाइकांच्या उधारीने खचला, हे विसरू नये.

चिपेंडेलच्या जन्मगावी, ओटलीत, त्याचा पुतळा उभा आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवरही इतर थोर कलावंतांच्या पंक्तीत त्याला स्थान मिळाले आहे. २००७ मध्ये डमफ्रीज हाउस व त्यातील त्याचे सामान विकले जाण्याच्या बेतात असता, त्या वेळचे युवराज चार्ल्स यांच्या पुढाकाराने पैसा उभारून ते वाचविण्यात आले. २०१८ साली त्याच्या जन्माची तीनशे वर्षे त्याच्या देशात प्रदर्शने भरवून साजरी झाली. खेड्यातील सुताराच्या मुलाला हा मान मिळाला, तो हाताच्या कौशल्याबरोबर त्याने लेखणीही हाती धरली म्हणून. आपल्या घरांतून अशा वह्या तयार झाल्या आणि पुढील एखाद्या स्मरणिकेत त्यांतील चार पाने छापली गेली, तर हे चरित्र लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.